समाजविज्ञानातलं पहिलं संशोधन : गोव्यातल्या नवख्यांसाठी वाटाड्या

गोव्यातली खाणबंदी हा विषय घ्या. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१४ मध्ये वार्षिक मर्यादा घालून उत्खननाला वाट मिळाली. फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. या एकाच घडामोडीवर अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारेल, ट्रकमालकांच्या घरचं उत्पन्न किती घटलं? मानसशास्त्राचा विचारेल, कर्ज थकलेल्या माणसाची झोप आणि मन:स्थिती कशी बदलली? राज्यशास्त्राचा विद्यार्थी ग्रामसभांचे ठराव आणि मतदानाचे आकडे मांडून बसेल. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला बंदीनंतर घरातल्या बायका कामाला बाहेर पडल्या का, हे हवं असेल. इतिहासाचा विद्यार्थी मागे जाऊन पोर्तुगीज काळातल्या खाणपरवान्यांचे कागद शोधेल.

विषय एकच असला तरी प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा आहे. पदव्युत्तर वर्गातल्या कितीतरी लघुप्रबंधांत नेमकी इथेच गडबड होते. विषयाचं नाव आणि 'प्रश्नावली' ही दोन्ही एकाच दिवशी ठरतात आणि प्रश्न मागून शोधला जातो. हा क्रम उलटा करायचा, हेच या लेखात सांगायचं आहे. आधी प्रश्न, मग त्याला कोणता पुरावा पटेल ते, आणि मग पद्धत.

आधी प्रकार ओळखून घ्या

पुस्तकात संशोधनाचे दहा-बारा प्रकार सापडतील. पहिल्या कामासाठी 'मी पुरावा म्हणून काय धरणार' एवढ्यावरून ते वेगळे करता आले तरी पुरे.

किती, किती जणांत, कोणात जास्त, असं विचारायचं असेल तर मोजणी हवी. ती तुम्ही स्वतः सर्व्हे करून कराल किंवा आधीच झालेल्या मोठ्या पाहण्यांच्या आकड्यांवर कराल. लोक एखादी गोष्ट कशी समजून घेतात, निर्णय कसा घेतात, हे हवं असेल तर सविस्तर मुलाखती. लोक सांगतात एक आणि करतात दुसरं असा संशय असेल तर तिथं जाऊन बसावं लागतं. त्याला क्षेत्रनिरीक्षण म्हणतात आणि मानववंशशास्त्राचा तो कणा आहे. माणसं हयात नसतील किंवा त्यांच्या आठवणीवर भागणार नसेल तर कागद. आणि एका गोष्टीमुळे दुसरी घडते का, असा कारणाचा प्रश्न असेल तर प्रयोग.

प्रयोग म्हटलं की प्रयोगशाळाच डोळ्यांपुढे येते. पण समाजविज्ञानातला जगभर नावाजलेला एक प्रयोग गोव्यातल्याच दवाखान्यांत झाला आहे. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मदत केली तर फरक पडतो का, हे 'मानस' या चाचणीत तपासलं गेलं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि गोव्यातली 'संगत' ही संस्था तिच्यामागे होती. निष्कर्ष २०१० मध्ये 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. १२ सरकारी आणि १२ खाजगी अशी २४ केंद्रं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी रुग्णांची न करता केंद्रांची केली होती. एकाच दवाखान्यात काही रुग्णांना समुपदेशन आणि काहींना नाही असं केलं असतं, तर डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांच्या वागण्यातून एका गटाचा परिणाम दुसऱ्यात झिरपला असता. सरकारी केंद्रांत स्पष्ट फायदा दिसला, खाजगी दवाखान्यांत तसा दिसला नाही, आणि दोन्ही गोष्टी छापल्या गेल्या. नवख्यानं यातून उचलावं ते हे, की जिथे परिणाम दिसला नाही तो भागही निष्कर्षच असतो.

विद्यार्थ्याच्या हातात एवढं बळ नसतं, पण छोटा प्रयोग जमतो. एका काल्पनिक उमेदवाराची चार ओळींची माहिती लिहायची आणि तिच्या दोन प्रती करायच्या, ज्यांत फक्त एकच तपशील वेगळा, समजा शाळेचं माध्यम. लिफाफे पिसून वाटायचे आणि 'याला नोकरी द्याल का' हे १ ते ७ च्या पट्टीवर विचारायचं. दोन तपशील बदलले की प्रयोग फुकट गेला, कारण मग फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. कोणाला कुठला लिफाफा द्यायचा हे स्वतःच्या अंदाजानं ठरवलं तरी तेच होतं.

दोन पद्धती एकत्र करायला हरकत नाही. गोवा विद्यापीठातली सामाजिक आणि वर्तनविज्ञानांची शाखा ज्यांच्या नावानं चालते ते डी. डी. कोसंबी मूळचे गणिती. १९०७ साली गोव्यात जन्मलेल्या या माणसानं प्राचीन नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावलं आणि पुण्याजवळच्या टेकड्या पायी तुडवून गावदेवांची ठाणीही नोंदवली. मात्र सहा महिन्यांच्या लघुप्रबंधात ६० मुलाखती, ३०० प्रश्नावल्या आणि वर दप्तरखाना, असं पोतं उचलू नका. एक मुख्य पद्धत घ्या आणि दुसरी तिला आधारापुरती.

प्रश्न घट्ट करा

'खाणबंदीचे सामाजिक-आर्थिक परिणाम : एक अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात चार गोष्टी याव्यात : कोण, कुठे, केव्हा, आणि कशाशी तुलना. 'डिचोली तालुक्यातल्या दोन पंचायतींत २०१८ पूर्वी खनिजवाहू ट्रक असलेल्या घरांनी उत्पन्नाचं दुसरं साधन काय शोधलं आणि ट्रक नसलेल्या शेजारच्या घरांपेक्षा ते कसं वेगळं आहे?' हा प्रश्न लांब आहे, पण त्यातून कोणाला भेटायचं, किती जणांना आणि काय विचारायचं, हे आपोआप निघतं.

एक कसोटी लावून पाहा. काय आढळलं तर माझा अंदाज चुकला असं मी मान्य करीन, हे एका वाक्यात लिहून काढा. ते लिहिता आलं नाही तर प्रश्न अजून कच्चा आहे.

मग आधी झालेलं काम शोधा. भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध 'शोधगंगा' या साठ्यात मोफत वाचायला मिळतात, त्यात गोवा विद्यापीठाचेही आहेत. पणजीत पाट्ट्यावरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनची परंपरा सांगतं. गोव्याची जुनी वर्तमानपत्रं पाहायची तर तिथं जा. पर्वरीला १९७९ मध्ये सुरू झालेलं झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. वाचताना प्रत्येक लेखाखाली तीन ओळी लिहा : प्रश्न काय होता, पुरावा कोणता, कुठे कमी पडतं. आठ-दहा लेखांनंतर या 'कमी पडतं'च्या ओळींतूनच तुमची जागा दिसते.

तयार आकडे वापरताना

जनगणना २०११, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी (२०१९-२१) आणि २०१७-१८ पासूनची नियतकालिक श्रमबल पाहणी हे तीन साठे पहिल्यांदा उघडावेत. जनगणनेत गावपातळीपर्यंत आकडे मिळतात. बाकीच्या दोन नमुना पाहण्या आहेत. त्यांतून राज्याबद्दल बोलता येतं, पण गोव्यासारख्या लहान राज्यात त्यांतली घरं कमी असल्यामुळे सत्तरी किंवा काणकोण यांसारख्या एकेका तालुक्याबद्दल त्यांवरून काहीही सांगायला जाऊ नये.

गोव्यात आणखी एक खाचखळगा आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५ आणि त्यातली ६२ टक्के नागरी दाखवली आहे. प्रत्यक्षात या 'नागरी' ठिकाणांपैकी बरीच 'जनगणना शहरं' आहेत. म्हणजे वस्तीची घनता आणि बिगरशेती रोजगार यांवरून ती शहरात मोजली, पण कारभार पंचायतीचा आहे. तुम्ही 'ग्रामीण' म्हणून निवडलेलं गाव जनगणनेच्या तक्त्यात शहर म्हणून बसलेलं असू शकतं. दोन याद्या शेजारी ठेवा आणि ग्रामीण म्हणजे काय धरलं, ते प्रबंधात एका वाक्यात लिहून टाका.

नमुना : किती घरं आणि कोणती

'शंभर लोक घेऊया' हा आकडा हवेतून येतो. हिशेब सोपा आहे. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घ्यायची तर मोठ्या लोकसंख्येसाठी १.९६ (हा ९५ टक्के खात्रीचा ठरीव आकडा) चा वर्ग गुणिले ०.२५ (उत्तरं निम्मी-निम्मी फुटतील असं धरून) भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८५. दहा टक्के चूक चालत असेल तर ९७. लोकसंख्या लहान असली की आकडा खाली येतो. समजा पंचायतीत ४०० घरं आहेत. मग ५ टक्के चुकीला १९७ घरं लागतील आणि १० टक्क्यांना ७८. एकट्या विद्यार्थ्याला ७८ झेपतात. पाचातलं एक घर नकार देईल किंवा बंद असेल असं धरून ९८ निवडावी लागतील. ४०० च्या यादीत दर चौथं घर घेतलं की १०० होतात. सुरुवात कुठल्या घरापासून, ते १ ते ४ मधली चिठ्ठी काढून ठरवा.

हा हिशेब पूर्ण नमुन्याचा आहे, त्यातल्या तुकड्यांचा नाही. ७८ घरांत ट्रकवाली १५ निघाली आणि त्यातल्या ९ घरांनी ट्रक विकला, तर '६० टक्के ट्रकमालकांनी' असं लिहू नका. '१५ पैकी ९' लिहा. ट्रकमालक हाच तुमचा विषय असेल तर त्यांची वेगळी यादी करून त्यातूनच नमुना घ्यायला हवा होता.

यादी आणायची कुठून? मतदारयादी सहज मिळते आणि मतदानकेंद्रानुसार लावलेली असते, म्हणून बहुतेक जण तीच घेतात. तिच्यातल्या उणिवा माहीत असू द्या. १८ वर्षांखालचे तिच्यात नसतात. भाड्यानं राहणारे आणि कामासाठी कर्नाटकातून वा उत्तरेतून आलेले बरेच जण नसतात. उलट आखातात किंवा इंग्लंडात असलेली माणसं नावानिशी असू शकतात. घरांचा अभ्यास असेल तर पंचायतीच्या घरपट्टीची यादी अधिक बरी, पण तिच्यासाठी मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र घेऊन सचिवांना भेटावं लागतं आणि दोन-तीन फेऱ्या होतात. त्या वेळापत्रकात धरा.

गोव्यात बंद घर ही मोठी अडचण आहे. निवडलेलं घर बंद दिसलं की शेजारचं घेऊन मोकळं होणं हा सोपा मार्ग आहे, आणि सगळा नमुना तिथेच वाकडा होतो. शेजारी दिवसा घरी आहे म्हणजे बहुधा निवृत्त आहे किंवा बेकार. तीन वेळा जायचं : एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, एकदा रविवारी. दुपारी एक ते चार कोणाच्या दारात उभं राहू नये, ती विश्रांतीची वेळ आहे. चवथीचा आठवडा, गावची जत्रा, फेस्त टाळा. मच्छीमारांना भेटायचं असेल तर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी सोयीची, कारण माणसं किनाऱ्यावर सापडतात. पण त्या काळात विचारलेलं 'गेल्या महिन्याचं उत्पन्न' वर्षभराचं म्हणून लिहू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवरून गुगल फॉर्म पाठवून २५० उत्तरं एका आठवड्यात गोळा होतात, म्हणून तो मोह फार. त्यातून मिळतात ते तुमच्या वयाचे, तुमच्या ओळखीचे, शिकलेले लोक. 'गोव्यातल्या युवकांचं मत' असं शीर्षक त्याला देता येत नाही. प्रश्नावली तपासून पाहायला मात्र तो फॉर्म उत्तम.

प्रश्नावलीतला एक प्रश्न, जवळून

समजा तुम्ही लिहिलंत : 'तुमची स्वतःची जमीन आहे का? हो / नाही.' प्रश्न सरळ दिसतो. आता गावात विचारून पाहा. एक जण मुंडकार आहे. घर त्याच्या आजोबांनी बांधलं, जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, १९७५ च्या मुंडकार कायद्यानं संरक्षण आहे. तो कधी 'हो' म्हणेल, कधी 'नाही'. दुसऱ्याची जमीन आहे, पण उताऱ्यावर पणजोबांचं नाव आणि वारस सतरा. तिसऱ्याचं घर कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामूहिक संस्थेच्या, जमिनीत, चौथ्याचं देवस्थानच्या. पाचवी बाई कूळ म्हणून शेत कसते आणि खटला चालू असल्यामुळे तुम्ही सरकारी माणूस तर नाही ना, या विचारात पडते. पाचही जणांचं 'हो' किंवा 'नाही' तुमच्या तक्त्यात एकाच रकान्यात बसेल आणि त्याचा अर्थ काहीच राहणार नाही.

दुरुस्ती अशी करावी. प्रश्नाचे तीन तुकडे. पहिला : 'हे घर कोणाचं?' पर्याय : उत्तर देणाऱ्याचं, कुटुंबाचं एकत्र, भाड्याचं, इतर. दुसरा : 'घराखालची जमीन कोणाची?' पर्याय : स्वतःची, एकत्र कुटुंबाची, भाटकाराची, कोमुनिदादीची, देवस्थानची, सरकारी, माहीत नाही. तिसरा : 'शेत, भाट (माडांची बाग) किंवा कुळागर (सुपारीची बाग) कसता का, आणि कोणत्या नात्यानं?' मालक, कूळ, खंडानं, फक्त राखण. 'माहीत नाही' हा पर्याय कधीही गाळू नका. तो नसला की लोक सौजन्यानं काहीतरी उत्तर देतात. हे प्रश्न पहिल्या पानावरही नकोत. जमीन आणि उत्पन्न शेवटी विचारावं, उत्पन्न आकड्यात न विचारता गटांत.

भाषेचं ठरवून टाका. प्रश्नावली मराठीत छापली तरी दारात ती बहुधा कोकणीत विचारली जाणार. मग प्रत्येक वेळी मनातल्या मनात कोकणी केली की १०० घरांत १०० वेगळे प्रश्न विचारले जातात. कोकणी शब्दरचनाही देवनागरीत लिहून ठेवा, डिचोलीची बोली आणि सासष्टीची बोली यांतला फरक तिथल्या माणसाकडून तपासून घ्या. एकानं भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते उलट मराठीत आणावं, मग दोन्ही ताडून पाहावं. मूळ अर्थ कुठे सुटला ते लगेच दिसतं. कामगार वस्तीत कन्नड किंवा हिंदी लागेल, आणि ती सोय नसेल तर त्या घरांना गुपचूप न वगळता प्रबंधात तसं लिहा.

मग १० ते १५ जणांवर चाचणी. हे लोक मुख्य नमुन्यात धरायचे नाहीत. घड्याळ लावा. २५ मिनिटांवर गेलं की शेवटची उत्तरं माणूस कंटाळून देतो. ज्या प्रश्नाला लोक 'म्हणजे कसं?' असं विचारतात तो पुन्हा लिहा. 'आणि' जोडलेला प्रश्न फोडा. 'रस्ते आणि पाणी यांबाबत समाधानी आहात का' याला रस्ता चांगला पण नळ कोरडा असलेला माणूस काय सांगणार?

मानसशास्त्राच्या तयार मापनपट्ट्या वापरणाऱ्यांनी अधिक जपावं. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची, ० ते २७ गुणांची पट्टी सगळीकडे वापरली जाते. तिचं भाषांतर घरी करू नये, प्रमाणित केलेली आवृत्तीच घ्यावी. आणि तिचा नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. कोणी 'हो' म्हटलं तर पुढे काय करायचं, कोणाला कळवायचं, जवळचा डॉक्टर कोण, हे आधी ठरलेलं नसेल तर ती पट्टी हातातच घेऊ नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक उत्तरदात्याला कागदावर लिहून द्या, फक्त ज्याला लागेल त्याला नव्हे.

मुलाखत

मुलाखतीत संख्या कमी आणि खोली जास्त. एका सारख्या गटात १२ ते २० मुलाखतींनंतर नवं काही येईनासं होतं, तिथे थांबावं. गट दोन असतील तर दोन्हींत तेवढ्या लागतात. प्रश्नांची यादी एका पानात मावावी, सात-आठ प्रश्न पुरेत.

पहिला प्रश्न 'खाणबंदीचा तुमच्यावर काय परिणाम झाला' असा विचारू नका. त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं, वर्तमानपत्रातलं. 'पहिली गाडी कधी घेतली?' असं विचारा. माणूस वर्षं मोजत, कर्जाचा हप्ता आठवत, कोणी जामीन राहिलं ते सांगत स्वतःच बंदीपर्यंत येतो. तो थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पाच-सहा सेकंद गप्प राहा, पुष्कळदा महत्त्वाचं वाक्य त्यानंतर येतं. घरातल्या कर्त्या माणसाशी बोलताना बाईंची उत्तरंही तोच देऊ लागतो. बाईंशी वेगळं बोलायचं असेल तर वेळही वेगळी मागून घ्या, शक्यतो बाईमाणूस सोबत न्या. नावापुढे 'बाब' किंवा 'बाय' लावायला विसरू नये.

ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी, आणि मुद्रण सुरू झाल्यावर पुन्हा एकदा. फोनचं विमान-मोड चालू करा, नाहीतर मध्येच आलेल्या कॉलनं मुद्रण तुटतं. एक तासाची मुलाखत लिहून काढायला चार ते सहा तास लागतात. पंधरा मुलाखती म्हणजे किती आठवडे, याचा हिशेब आधीच करा. ज्या भाषेत बोलणं झालं त्याच भाषेत लिहून काढा. कोकणी ऐकत थेट इंग्रजी टाईप केलं की बोलणाऱ्याचे शब्द गेले आणि तुमचे उरले.

लिहून झालं की संकेतन, म्हणजे प्रत्येक वाक्यात काय आहे त्याची छोटी नावं बाजूला लिहिणं. समजा एका ट्रकमालकाचं वाक्य आहे : 'गाडी उभी राहिली तेव्हा आधी बायकोचं सोनं गेलं, मग मुलाचं कॉलेज, गाडी मात्र शेवटपर्यंत विकली नाही.' नवखा विद्यार्थी बाजूला 'आर्थिक अडचण' असं लिहितो आणि पुढे जातो. त्या शिक्क्याखाली सगळ्याच मुलाखती येतील. इथे खरं तर तीन गोष्टी आहेत : कशाचा त्याग कोणत्या क्रमानं झाला, तो त्याग घरात कोणाच्या वाट्याला आला, आणि ट्रक न विकण्यामागे काय होतं. 'त्यागाचा क्रम', 'बाईची मालमत्ता आधी', 'गाडी राखणं' असे संकेत लावलेत तर दुसऱ्या घरांशी तुलना करता येते. कोणा घरात आधी गाडी गेली असेल तर का, हा पुढचा प्रश्न त्यातूनच सुचतो.

निरीक्षण आणि कागद

ग्रामसभा, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पंचायतीचं कार्यालय ही शिकाऊ माणसाला निरीक्षणासाठी सोपी ठिकाणं, कारण तिथं कोणीही उभं राहू शकतं. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे दिसलं-ऐकलं तेच, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं. 'सरपंच चिडले' हे उजवीकडचं. 'सरपंचांनी फाईल मिटली आणि माईक सचिवांकडे दिला' हे डावीकडचं. त्याच रात्री सविस्तर लिहा, सकाळपर्यंत निम्मं पुसलं जातं. आणि प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या कर्नाटकातल्या गावाच्या अभ्यासाच्या प्रक्रिया केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० साली अमेरिकेत एकाच ठिकाणी होत्या आणि आगीत सापडल्या.

कागदांच्या वाटेला जाणाऱ्यांसाठी पणजीचा पुराभिलेख विभाग आहे. १५९५ साली पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कौतो यांच्याकडे सोपवलेल्या दप्तरापासून त्याची सुरुवात. तिथं पोर्तुगीज कागद सर्वाधिक, शिवाय मोडीतलेही आहेत. पोर्तुगीज येत नसेल तर १९६१ नंतरचा विषय घ्या किंवा मोडी शिका, भाषांतरकाराच्या भरवशावर प्रबंध उभा राहत नाही. जुन्या कागदांत नावं वेगळी भेटतात. १८४३ पासून पणजी सरकारदरबारी 'नोव्हा गोवा' होती. रकमाही जपून वाचा : १९५९ मध्ये रुपया जाऊन एस्कुदो आला, सहा एस्कुदोंना एक रुपया या दरानं. दोन्हीकडचे आकडे एका तक्त्यात तसेच टाकले तर एका वर्षात महसूल सहापट झालेला दिसेल. प्रत्येक टिपणावर संग्रहाचं नाव, खंड आणि पान तिथल्या तिथे लिहा.

संमती आणि ओळख लपवणं

माणसांवरचं संशोधन असेल तर विभागाच्या नीतिसमितीची मंजुरी पहिल्या मुलाखतीच्या आधी लागते, मागून मिळत नाही. संमतीपत्र एका पानाचं, कोकणी किंवा मराठीत, मोठ्याने वाचून दाखवायचं : कोण करतंय, कशासाठी, किती वेळ, न बोलण्याचा आणि मध्येच थांबण्याचा हक्क, माहिती कुठे राहील. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची हो, दोन्ही.

गोवा लहान आहे, म्हणून नाव बदललं की काम झालं असं इथे होत नाही. 'अमुक गावातली निवृत्त मुख्याध्यापिका, मुलगा लिस्बनमध्ये' एवढं वाचून सत्तरी तालुक्यातला कोणीही ओळखेल. गावाऐवजी तालुका लिहा, व्यवसाय जरा व्यापक करा, ओळख देणारा पण निष्कर्षाला नको असलेला तपशील काढून टाका. खरी नावं आणि संकेतक्रमांक यांची यादी उत्तरांपासून वेगळ्या, कुलूपबंद फाईलमध्ये राहू द्या.

आकडे स्वच्छ करणं आणि लिहिणं

'उत्तर नाही'साठी ९९ हा संकेत टाकला आणि तो वयाच्या रकान्यात तसाच राहिला, तर गावाचं सरासरी वय उगीच वाढतं. सरासरी काढण्याआधी प्रत्येक रकान्याचं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं मूल्य पाहा. एक्सेल पुरतं. पुढे जायचं तर जामोवी आणि आर ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर मोफत आहेत. काय-वर्ग चाचणी (गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का ते पाहणारी) लावताना तक्त्यात अपेक्षित संख्या पाचाच्या खाली असलेले चौकोन जास्त असतील तर गट एकत्र करा किंवा चाचणी सोडा. ट्रकवाल्या घरांत ताण जास्त आढळला, तर 'ट्रकमुळे ताण' असं लिहिता येणार नाही. कर्ज, वय, आधीचं उत्पन्न, यांतलं काहीही मध्ये असू शकतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. पण टक्के खाली आणण्यासाठी शब्द फिरवत बसू नका. कोणाचं म्हणणं घेतलं ते त्याच वाक्यात सांगितलं की प्रश्नच उरत नाही.

मर्यादांचं प्रकरण 'वेळ अपुरा होता' इतक्यावर संपवू नये. किती घरं निवडली, किती बंद होती, किती जणांनी नकार दिला, कोणत्या भाषेचे लोक सुटले, कोणता प्रश्न चाचणीनंतर बदलला, हे आकड्यांनिशी लिहा. परीक्षक सर्वांत आधी हेच पान उघडतात, आणि पुढच्या वर्षी त्याच तालुक्यात जाणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त उपयोग याच पानाचा होतो. प्रबंध सादर झाला की निष्कर्षांची दोन पानं सोप्या मराठीत किंवा कोकणीत काढून पंचायतीत आणि गावच्या वाचनालयात द्या. संमतीपत्रात तसं कबूल केलेलं असेल, तर ती दोन पानं पोहोचेपर्यंत काम पूर्ण झालेलं नाही.